मध्यें तोंड घालणें

वाक्प्रचारांचा अभ्यास म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें एक यादी उभी राहते. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ, आणि खालीं 'वाक्यांत उपयोग करा' ही आज्ञा. यादी पाठ होते, परीक्षेंत गुण मिळतात, आणि शब्द मात्र जेथल्या तेथेंच राहतात. म्हणून या पानांत पुष्कळ वाक्प्रचार न घेतां एकच घ्यावा व त्याच्यापाशीं जरा निवांत बसावें असें आम्हीं योजिलें आहे. तो वाक्प्रचार प्रत्येक मुलानें शाळेंत येण्यापूर्वींच ऐकलेला असतो व बहुधा आपल्यावरच झेललेला असतो. तो म्हणजे 'मध्यें तोंड घालणें'.

दोघे बोलत असतां तिसऱ्यानें न विचारतां बोलणें, असा त्याचा अर्थ सांगतात. अर्थ बरोबर आहे, परंतु पुरता नाहीं. तो पुरता कां नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांतला एकेक शब्द हातांत घेऊं.

'तोंड' हा शब्द संस्कृत 'तुंड' यापासून आला. तुंड म्हणजे पक्ष्याची चोंच किंवा जनावराचें पुढें आलेलें थोबाड. माणसाच्या तोंडास सभ्य संस्कृत शब्द 'मुख' हा असून मराठींतही तो मानानें वावरतो. मुखपृष्ठ, मुखोद्गत, सन्मुख हे शब्द पाहावे. पण 'त्यानें मध्यें मुख घातलें' असें कोणी म्हणत नाहीं. म्हटल्यास ऐकणारा हसेल. वदन आणि आनन यांचीही तीच गत. या वाक्प्रचारास चोंच हवी, थोबाड हवें. म्हणजे रागाचा पहिला अंश क्रियापदांत नसून नामांतच भरलेला आहे.

आतां 'घालणें'. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या व्याकरणांत अपभ्रंश भाषेचीं जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांत 'घल्ल' असा धातु टाकणें या अर्थानें आढळतो. आजच्या मराठींत तर हें क्रियापद फारच कामसू झालें आहे. आपण अंगांत सदरा घालतों, झाडाला पाणी घालतों, मुलाला आंघोळ घालतों, पाहुण्यांना जेवूं घालतों, लांबच्या माणसाला साद घालतों, आणि हरवलेली किल्ली शोधतांना सारें घर पालथें घालतों. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: जें जेथें नव्हतें तें तेथें नेऊन सोडणें. बहुतेक ठिकाणीं हें सोडणें उपकाराचें असतें. परंतु याच क्रियापदाचें दुसरें एक कुटुंब आहे व तें सगळें विघ्नकर्त्यांचें आहे. बेताला मोडता घालणें, कामाला खीळ घालणें, वाटेंत खोडा घालणें, ठरलेल्या गोष्टीला खो घालणें, उत्साहावर विरजण घालणें! 'तोंड घालणें' हें या दुसऱ्या कुटुंबांतलें आहे.

खेड्यांतून आलेल्या मुलांस येथें एक चित्र आपोआप दिसेल. कोळपणीच्या वेळीं बैलांच्या तोंडाला मुसकें बांधतात. कां? पिकाच्या दोन ओळींमधून चालतांना बैल हळूच उभ्या पिकांत तोंड घालतो. त्यास भूक असते असें नाहीं. हिरवें समोर आलें कीं त्याचें तोंड वळतें. दोघांच्या बोलण्यांत तोंड घालणाऱ्याचेंही पुष्कळदां असेंच असतें. त्याला कांहीं सांगायचें असतें म्हणून तो बोलत नाहीं, तर बोलणें समोर चाललें आहे म्हणून बोलतो. पीक आणि बोलणें, दोन्हींकडे शब्द तेच आहेत.

शरीराचे इतर अवयव 'घालणें' या क्रियापदाशीं कसे वागतात हें पाहणें मौजेचें आहे. 'लक्ष घालणें' (लक्ष हा अवयव नव्हे, परंतु चालू द्यावें) हें चांगलें. 'हात घालणें' हें प्रसंग पाहून ठरतें. कामाला हात घालणारा शहाणा, दुसऱ्याच्या खिशांत हात घालणारा चोर. 'तोंड घालणें' मात्र, पाण्यांत तोंड घालणारें जनावर सोडलें तर, कोठेंही स्तुतीचें नाहीं. आणि नाकाची पाळी आली कीं मराठी माणसास 'घालणें' पुरेसें वाटत नाहीं. तेथें 'खुपसणें' असें धारदार क्रियापद लागतें. या दोहोंत विद्यार्थी गल्लत करतात. तोंड घालणारा बोलण्यापुरता आंत येतो. नाक खुपसणारा कारभारांतच शिरतो, मग तो बोलो वा न बोलो. 'गुरुजी गोष्ट सांगत असतां गोविंदानें नाक खुपसलें' हें वाक्य म्हणूनच चुकीचें आहे, गोविंदानें तसें खरोखर केलें नसेल तर.

राहिलें 'मध्यें'. मध्य ही जागा मुळांत वाईट नाहीं. भांडणाऱ्या दोघांच्या मध्यें जो उभा राहतो त्यास आपण मध्यस्थ म्हणतों व त्याला पाट देऊन बसवतों. मग त्याच जागीं उभा असलेला दुसरा माणूस निंद्य कां व्हावा? येथें एका अक्षराचा खेळ आहे. 'तो मध्यें बोलला' हें नुसतें वृत्त झालें. सभेंत तीन वक्ते होते, तो दुसरा होता, एवढाही त्याचा अर्थ होईल. 'तो मध्येंच बोलला' असें म्हणतांच 'च' या एका अक्षरानें न्यायनिवाडा उरकला जातो. 'मधूनमधून बोलला' म्हटल्यास पुन्हां तो सुटतो. इतका लहान अव्यय इतकें काम करतो हें निबंध लिहितांना ध्यानांत ठेवावें. राग दाखविण्यासाठीं विशेषणांची रास घालण्याची गरज नसते.

व्याकरणाचा भाग थोडक्यांत सांगतों. 'मुलीनें बोलण्यांत तोंड घातलें' हा कर्मणि प्रयोग. क्रियापद मुलीकडे न पाहतां 'तोंड' या नपुंसकलिंगी कर्माकडे पाहतें. सोलापूर, लातूर या बाजूंस बोलण्यांत 'मी काम केलो' असें ऐकूं येतें, व तिकडील मुलें 'मी तोंड घातलो' असें सहज लिहून जातात. घरीं खुशाल बोलावें, त्यांत एक गोडवाही आहे; उत्तरपत्रिकेंत 'मीं तोंड घातलें' असें लिहावें. शिवाय करणारे कितीही असोत, वाक्प्रचारांतलें तोंड एकच राहतें: 'सगळ्यांनीं तोंड घातलें'. तोंडें मोजीत बसूं नये.

आतां याच्या शेजाऱ्यांकडे वळूं. खरा अर्थ नेहमीं शेजाऱ्यांशीं ताडून पाहिल्यावर कळतो.

एक शेजारी 'बोलणें तोडणें'. येथें बोलणें म्हणजे सूत किंवा दोर मानला आहे. तो कोणीतरी मध्येंच तोडतो. तोंड घालणारा तिसरा असतो, पण बोलणें तोडणारा समोरचाच असूं शकतो. पतिपत्नी दोघेंच बोलत असलीं तरी एकमेकांचें बोलणें तोडूं शकतात. तोंड घालण्यासाठीं मात्र कोणीतरी बाहेरून यावा लागतो. आणि येथें शब्दांचा क्रम उलटा केला कीं अर्थ पार बदलतो. 'त्यानें माझें बोलणें तोडलें' म्हणजे त्यानें मला पुरें बोलूं दिलें नाहीं. 'तो मला तोडून बोलला' म्हणजे तो कठोरपणें बोलला. शिवाय 'बोलणें' याचें अनेकवचन 'बोलणीं' झालें कीं आपण निराळ्याच दिवाणखान्यांत जातों. बोलणीं खातात, म्हणजे रागें भरून घेतात; बोलणीं करतात, म्हणजे लग्नाचा किंवा व्यवहाराचा ठराव करतात; बोलणीं फिसकटतात, आणि कधीं तोडलींही जातात. एका वाक्यांत तोडलें आणि पुन्हां जोडलें असें 'बोलण्या'चें होतें, 'बोलण्यां'चें क्वचितच होतें.

दुसरे दोन शेजारी 'टोकणें' व 'हटकणें'. हीं दोन्ही क्रियापदें बोलण्याला लागत नाहींत, माणसाला लागतात. पहारेकऱ्यानें अनोळखी इसमाला हटकलें; आजीनें बाहेर निघालेल्या नातवाला टोकलें. म्हणूनच 'त्याच्या बोलण्यांत टोकलें' यापेक्षां 'बोलतांना त्याला टोकलें' ही रचना बरी. 'टोकणें' हें शेतांतही आहे: सरकी किंवा भुईमुगाचे दाणे ठराविक अंतरावर एकेक करून जमिनींत खुपसतात, त्यास टोकणें म्हणतात. हिंदी भाषेंत याच रूपाचें क्रियापद आहे व तेथें 'रोकटोक' असा जोडशब्द झाला आहे. आमचे कांहीं विद्यार्थी त्यालाच 'रोखठोक' समजतात. रोखठोक म्हणजे स्पष्ट, उधारी न ठेवणारें. अडवणुकीशीं त्याचें नातें नाहीं.

विभक्तीकडे पाहिलें तर या तिघांचा भेद झटकन डोळ्यांत भरतो. बोलण्यांत तोंड घातलें, त्याचें बोलणें तोडलें, त्याला टोकलें. पहिल्यांत बोलणें ही एक जागा आहे आणि कोणी तींत शिरतो. दुसऱ्यांत ती एक वस्तु आहे आणि ती मोडते. तिसऱ्यांत बोलणें बाजूस राहून माणूसच थांबविला जातो. कोणता शब्द घ्यावा हें ठरवितांना स्वतःस विचारावें, दुखापत कोणास झाली? जागेस, वस्तूस, कीं माणसास?

मोल्सवर्थसाहेबांनीं आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें प्रथम छापला व १८५७ मध्यें वाढवून पुन्हां काढला. त्यांत 'तोंड' या शब्दाखालीं वाक्प्रचारांची लांबच लांब रांग आहे. विद्यार्थ्यांनीं ती एकदां अवश्य पाहावी. परंतु कोश एक गोष्ट सांगत नाहीं, व तीच आमच्या मतें सर्वांत मोठी आहे. ती ही कीं, हा वाक्प्रचार कोण कोणास म्हणतो.

गेल्या सहामाहींत आम्हीं आठवीच्या वर्गास हाच वाक्प्रचार वाक्यांत योजावयास दिला. चाळिसांहून अधिक वह्या आल्या. बहुतेक सर्वांत एकच वाक्य निरनिराळे कपडे घालून उभें होतें: मोठ्यांच्या बोलण्यांत लहानांनीं तोंड घालूं नये. कोठें मोठ्यांच्या जागीं आईबाप होते, कोठें गुरुजी. पण लहान ते लहानच. एका मुलीच्या वहींत मात्र निराळें वाक्य होतें. 'ताईच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं होतीं, तेव्हां ताईनें मध्यें तोंड घातलें.'

प्रयोग शुद्ध होता, विभक्ती शुद्ध होती. 'बोलणीं' सुद्धां नेमकें अनेकवचनीं होतें. अडचण व्याख्येची होती. दोघांच्या बोलण्यांत तिसऱ्यानें शिरणें ही आपली व्याख्या. पण जिच्याविषयीं तें सारें बोलणें चाललें होतें, ती तेथें तिसरी कशी? आम्हीं पूर्ण गुण दिले, आणि खालीं तांबड्या शाईनें एवढेंच विचारलें, 'असें कोण म्हणालें?' दुसऱ्या दिवशीं वहींत त्याच ओळीखालीं बारीक अक्षरांत उत्तर आलें: 'आत्या.' ताई काय बोलली होती असें तोंडी विचारलें, तेव्हां कळलें कीं शिक्षण पुरें झाल्यावर पाहूं, इतकेंच ती म्हणाली होती.

या वाक्प्रचाराचा खरा अर्थ त्या एका शब्दांत आहे. 'तोंड घातलें' असें म्हणणारा नेहमीं त्या बोलण्याचा धनी असतो, किंवा स्वतःस धनी समजतो. सासरा दोन सुनांच्या बोलण्यांत बोलला तर तो 'विचारतो' किंवा 'सांगतो'. सून सासऱ्याच्या बोलण्यांत बोलली तर ती 'तोंड घालते'. कृति तीच, क्रियापद निराळें. वरून खालीं पाणी वाहावें तसा हा शब्द वाहतो, आणि म्हणून 'आपण मध्यें तोंड घालूं नये' असें वडील माणसास कितीही आदरार्थी रूपांत सांगितलें तरी तो उद्धटपणाच होतो. 'लहान तोंडीं मोठा घास' ही म्हणही याच उतारावरची.

हें पान पालकही वाचतात, म्हणून त्यांच्यापुढें एक विनंती ठेवतों. मुलांस थांबावयास शिकवावें, यांत वाद नाहीं. न थांबणारें मूल पुढें घरींदारीं जड जातें. परंतु 'तोंड घालूं नकोस' या तीन शब्दांत आपण केव्हां बोलावें हें सांगितलेलें नसतें, केव्हां गप्प बसावें एवढेंच असतें. मग दूध उतू जात आहे हें सांगावयास आलेला मुलगा दारांत एका पायावर उभा राहतो, आई शेजारणीशीं बोलत असते, आणि दूध काय थांबतें? मुलास शब्द द्यावे: 'बोलूं का?' किंवा 'आई, घाईचें आहे.' हे दोन शब्द ज्या घरांत मान्य आहेत, तेथें तिसऱ्या शब्दाची गरज फारशी पडत नाहीं. आणि जेथें मुलाचेंच, मुलीचेंच कांहीं ठरत असेल, तेथें तिला बोलण्यांतली एक बाजू धरावें, हें वेगळें सांगावयास नको.

सगळेंच मध्यें बोलणें विघ्न असतें असेंही नाहीं. गोष्ट सांगणारी आजी 'हूं' मागते; हुंकार थांबला कीं तिची गोष्टही थांबते. पोवाड्यांत शाहिराच्या ओळीवर झिलकरी सूर धरतात. तमाशांतील सोंगाड्याला तर मध्यें बोलण्याचेंच काम असतें. तो नायकाचें वाक्य अर्ध्यावर अडवतो आणि त्या अडवण्यांतच वगाची गंमत असते. त्याला कोणी 'तोंड घालतो' म्हणत नाहीं, कारण ती जागा त्याला दिलेली असते. विधानसभेंतही भाषण चालू असतां सभासदास 'हरकतीचा मुद्दा' मांडतां येतो. बोलणारा थांबतो व अध्यक्ष निर्णय देतात. नियमानें दिलेली ही जागा वापरली तर तो हक्क; न वापरतां ओरडलें तर वर्तमानपत्रांत 'गदारोळ' असा मथळा येतो.

एका प्रकारच्या अडवणुकीस मात्र मराठींत अजून नांवच नाहीं, आणि शाळेंत ती रोज घडते. आमच्या वर्गांत दुसऱ्या तुकडींतून एक मुलगा आला. तो बोलतांना अडखळत असे. पूर्वीच्या वर्गांत वडील काय करतात असें विचारलें असतां तो 'लो... लो...' असें म्हणत उभा राहिला, आणि मदत म्हणून चारपांच मुलें एकदम ओरडलीं, 'लोहार!' त्यानें मान डोलावली व तो खालीं बसला. तें वर्षभर तो लोहाराचा मुलगा म्हणून ओळखला गेला. आमच्याकडे तोच प्रश्न निघाला, तेव्हां वर्गास आधींच बजावलें होतें कीं कोणीही शब्द पुरवावयाचा नाहीं. पहिल्या तीन प्रयत्नांत शब्द आला नाहीं. चौथ्यांदा आला. 'लोको शेडमध्यें फिटर आहेत.' वर्गांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मागल्या बाकावरच्या एका मुलानें मात्र इंजिनें कोणतीं असतात असें विचारलें, आणि त्याचें उत्तरही, वेळ लागला तरी, पुरें आलें.

त्या ओरडणाऱ्या मुलांत दुष्टावा नव्हता. त्यांनीं तोंड घातलें असें म्हणवत नाहीं, टोकलें असेंही नाहीं. त्यांनीं त्याचें वाक्य त्याच्याऐवजीं पुरें केलें. 'तोंडचा घास काढणें' असें आपण म्हणतों, त्याच चालीवर यास 'तोंडचा शब्द काढणें' म्हणावें असें आम्हांस वाटतें. अडखळणाऱ्या माणसाशीं बोलतांना त्याचा शब्द आपण पुरवूं नये, 'सावकाश बोल' असेंही सांगूं नये, घड्याळाकडे पाहूं नये. त्याच्या तोंडाकडे नेहमींसारखें पाहत थांबावें. मोठ्या माणसांसही हें अवघड जातें, कारण दुसऱ्याच्या मौनांतले चार क्षण आपल्याला आपल्या बोलण्यांतल्या चार मिनिटांहून लांब वाटतात.

शेवटीं लेखनाचा एक मुद्दा. संवाद लिहितांना अर्ध्यावर तुटलेलें वाक्य कसें दाखवावें, असें मुलें विचारतात. संस्कृत नाटकांत यासाठीं कंसांत 'अर्धोक्ते' अशी सूचना असे. म्हणजे अर्धें बोलून झाल्यावर. मराठींत विरामचिन्हें रुळलीं तीं एकोणिसाव्या शतकांत. मेजर कँडी यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० चें आहे. आज आपल्यापाशीं दोन चिन्हें आहेत व मुलें तीं कोणतेंही कोठेंही टाकतात. बोलणारा स्वतःच घुटमळला, विसरला, किंवा पुढचें मनांतच ठेवलें, तर तीन टिंबें द्यावीं. दुसऱ्यानें त्याचें बोलणें तोडलें, तर अपसारण चिन्ह, म्हणजे आडवी रेघ, द्यावी व पुढची ओळ दुसऱ्याच्या नांवें लगेच सुरू करावी. वर लोको शेडच्या प्रसंगांत आम्हीं 'लो...' पुढें टिंबें दिलीं आहेत. तेथें रेघ द्यावयास हवी होती कीं काय, हें नववीच्या मुलांनीं कारणासह एका परिच्छेदांत लिहून आणावें.